पाण्याचा हिशेब

ऊन सर्वत्र सारखेच, असे उन्हात वाढलेल्या माणसाला वाटत असते. ज्याने वैशाखातील दुपारी उघड्या माळावर काढल्या आहेत, अनवाणी पायांनी तापलेली पायवाट तुडवली आहे, त्याला परमुलखातील उन्हाचे भय कोणी घातले, तर तो मनातल्या मनात हसतो. परंतु बारा कोसांवर भाषा बदलावी, तसे ऊनही मुलखागणिक आपला स्वभाव बदलते. त्या स्वभावाची ओळख करून न घेता जो वाटेला लागतो, त्याला ते ऊन आपली ओळख आपल्याच रीतीने करून देते.

माणदेशातील एक वृद्ध शेतकरी आपल्या लेकीला भेटावयास ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी गेले होते. १९७२ च्या दुष्काळात, ऐन विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. घागरभर पाण्यासाठी कोसभर चालणे हा त्यांच्या घरचा नित्यक्रम होता. पाण्याचा थेंब सांडला, तर धान्याचा दाणा सांडल्यासारखी त्यांना हळहळ वाटे. अशा माणसाला लेकीने व जावयांनी मोटारीने देशाच्या मध्यभागी जाण्याचा बेत सांगितला आणि त्याबरोबरच उन्हाविषयी चार सूचना दिल्या, तेव्हा आजोबा हसून म्हणाले, "अगं, उन्हाचं मला काय सांगतेस? मी उन्हातच जन्मलो आणि उन्हातच पिकलो."

लेक काही बोलली नाही. वडिलांचे बोलणे खोटे नव्हते. पण ते पुरेसेही नव्हते.

बेत असा होता : ॲडलेडहून निघावयाचे, पोर्ट ऑगस्टा येथे पहिला मुक्काम करावयाचा आणि तेथून स्ट्युअर्ट महामार्गाने ॲलिस स्प्रिंग्ज गाठावयाचे. हा महामार्ग पोर्ट ऑगस्टापासून उत्तर किनाऱ्यावरील डार्विनपर्यंत सुमारे २,७०० किलोमीटर जातो. ॲलिस स्प्रिंग्ज हे त्याच्या मध्यावर येते. ॲडलेडपासून तेथवरची मजल सुमारे १,५०० किलोमीटरांची; तिला चार दिवस दिले होते. महिना डिसेंबर. आपल्याकडे त्या दिवसांत अंगणात शेकोट्या पेटतात. पण पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे तेथे तो भर उन्हाळा. शहाणे प्रवासी या वाटेला तिकडच्या हिवाळ्यात जातात. परंतु नातवाच्या शाळेची मोठी सुट्टी त्याच वेळी पडत असल्याने या मंडळींना दुसरा इलाज नव्हता.

ऑस्ट्रेलियाचा विस्तार सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. आणि त्या साऱ्या देशात जेवढी माणसे राहतात, त्याच्या कितीतरी पट एकट्या महाराष्ट्रात राहतात. त्यातही बहुतेक वस्ती समुद्राच्या काठाने. मधला प्रदेश कोरडा, तांबड्या मातीचा आणि विरळ झुडपांचा. आपल्या नकाशावर बोट ठेवावे, तर त्या बोटाखाली दहा गावे सापडतात. तिकडच्या नकाशावर वीतभर अंतरात एक नाव असते. आणि ते नाव म्हणजे पुष्कळदा एक पेट्रोलचा पंप, एक खाणावळ व निजावयाच्या चार खोल्या, एवढेच असते.

म्हणूनच अशा प्रवासाची खरी सुरुवात घराच्या ओसरीवरच होते. मोटार ही या प्रवासातील बैलजोडी. बैल दमले, तर वाटेतील वस्तीवर त्यांना सोडता येते. येथे मोटार थांबली, तर वस्तीच नाही. तेव्हा जावयांनी चाके तपासली, एकाऐवजी दोन जादा चाके घेतली, इंजिनाचे तेल पाहिले, रेडिएटरमधील पाणी पाहिले, पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. पेट्रोलचा नियम ठरला : टाकी अर्धी झाली, की जो पंप दिसेल तेथे ती भरावयाची, पुढच्या पंपावर स्वस्त मिळेल, या आशेवर राहावयाचे नाही. वस्तीपासून थोडे दूर जाताच खिशातील फोन मुका होतो, म्हणून कागदी नकाशा बरोबर घेतला. आणि मालमोटारींचे चालक ज्या ४० क्रमांकाच्या वाहिनीवर परस्परांशी बोलतात, ती वाहिनी ऐकण्यासाठी एक लहानसा बिनतारी संचही बसवून घेतला. रुंद काठांच्या टोप्या, सुती कपडे, माश्यांपासून डोळे वाचविण्यासाठी तोंडावर ओढावयाच्या जाळ्या, औषधांची पेटी, सावलीसाठी एक जाड चादर व दोरी, अशी एकेक वस्तू गोळा झाली. खाण्याचे लेकीने पाहिले. उन्हात विरघळणारे व नासणारे पदार्थ तिने दूर ठेवले आणि दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे, गूळ आणि दाणे असा माहेरच्या वळणाचा फराळ बांधला.

शेवटी पाणी आले. चार माणसे, माणशी दिवसाला सहा लिटर आणि वाटेत अडकून पडलोच तर दोन दिवस, असा हिशेब मांडून पन्नास लिटर पाणी घेतले. तेही एका मोठ्या डब्यात नव्हे, तर दहा दहा लिटरांच्या पाच डब्यांत. कारण एकच डबा असला आणि तो फुटला, तर सगळेच गेले.

ते पाच डबे पाहून आजोबांना राहवले नाही. ते म्हणाले, "चार दिवसांच्या वाटेला एवढं पाणी? आमच्या वस्तीवर एवढ्यात अख्खं घर दोन दिवस काढायचं."

"बाबा, घरी विहीर आटली तरी शेजार असतो," लेक म्हणाली. "तिथे शेजारच नाही."

पहिला दिवस सुखाचा गेला. ॲडलेडच्या उत्तरेकडील कापणी झालेली गव्हाची शेते मागे पडली आणि संध्याकाळी मंडळी पोर्ट ऑगस्टास पोहोचली. या बंदराशी हिंदुस्थानचा एक जुना धागा जोडलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात घोडे व बैल टिकेनात, तेव्हा तेथे उंट नेण्यात आले; आणि १८६६ च्या सुमारास कराचीहून निघालेले शंभराहून अधिक उंट याच बंदरात उतरले. त्या काळी कराची मुंबई इलाख्यात मोडत असे. उंटांबरोबर त्यांचे राखणदारही आले. कोणी अफगाणिस्तानचे, कोणी बलुचिस्तानचे, कोणी सिंध-पंजाबचे. पण तिकडच्या लोकांनी त्या सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हटले. रूळ व रस्ते होईपर्यंत आतल्या वस्त्यांना पीठ, चहा, अवजारे आणि टपाल पोचविले ते या उंटवाल्यांनी. ॲडलेडहून उत्तरेस जाणाऱ्या प्रसिद्ध आगगाडीला त्यांच्या आठवणीने 'घान' असे नाव पडले आहे. ही हकीगत ऐकून आजोबांना परमुलखात कोणी नातलग भेटावा तसा आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आल्यावरच मोटार निघाली. पहाटे निघून उन्हाच्या आत मजल मारावी, ही आपल्याकडची रीत. पण तेथे पहाटे व तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, आणि वेगात असलेल्या मोटारीवर ते आदळले तर प्राणी व माणसे दोघांच्याही जिवावर बेतते. उन्हाला टाळावे, तर अंधार आडवा येतो. म्हणून तेथील प्रवासी बहुधा दिवसाच चालतात आणि सूर्य मावळण्याच्या आत मुक्काम गाठतात.

पोर्ट ऑगस्टा सोडले आणि जग जणू उघडे झाले. डोक्यावर निळे आकाश, खाली तांबडी जमीन आणि मध्ये काळ्या दोरीसारखा सरळ रस्ता. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. पण समोरून येणारे वाहन दिसण्यास कधी कधी पाच-दहा मिनिटे वाट पाहावी लागते. ते जवळ आले, की त्याचा चालक सुकाणूवरील एक बोट किंचित उचलतो. प्रथम नातवाने हे टिपले.

"आजोबा, तो आपल्याला ओळखतो का?"

"नाही रे बाळ. पण रामराम घालायला ओळख कशाला लागते?" असे म्हणून आजोबांनीही पुढच्या वाहनाला हात वर केला.

मधून मधून 'रोड ट्रेन' येई. ही तेथील मालमोटार. एका इंजिनामागे तीन लांबलचक डबे जोडलेले; साऱ्यांची लांबी ५३ मीटरांपर्यंत. ती शेजारून गेली, की वाऱ्याच्या झोताने मोटार हलते. तिला ओलांडून पुढे जाणे हे घाईचे काम नव्हे. एके ठिकाणी रस्त्यावर पांढरे रुंद पट्टे आखलेले दिसले आणि शेजारी विमानाचे चित्र. तो रस्ता म्हणजे प्रसंगी विमानाची धावपट्टी होती! जॉन फ्लिन नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या खटपटीने १९२८ मध्ये तेथे आकाशमार्गे जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. ती आजही चालू आहे. जेथे रुग्णाला इस्पितळाकडे नेणे अशक्य, तेथे इस्पितळच पंख लावून रुग्णाकडे येते. जावयांनी ही माहिती सांगितली, तेव्हा आजोबा बराच वेळ मागे वळून त्या पट्ट्यांकडे पाहत होते.

पुढे हार्ट सरोवर लागले. लांबून पाहता पाण्याचा लखलखता विस्तार. जवळ जावे, तर नुसते मीठ! त्याच्या काठावर उभे राहिले असता क्षितिजाशी खरोखरीच्या लाटा हलताना दिसतात. ते मृगजळ. ज्या मनुष्याने उभे आयुष्य पाण्याची वाट पाहण्यात घालविले, त्याला हे दृश्य विलक्षण उदास वाटले. "दिसतं तेवढं सगळं पाणी असतं, तर मग काय हवं होतं!" एवढेच ते म्हणाले.

ग्लेंडांबो येथे टाकी भरली. येथील एका फलकाची कीर्ती मोठी आहे. वस्तीची लोकसंख्या सांगताना त्यावर मेंढ्या २२,५००, माश्या अदमासे २० लाख आणि माणसे ३०, असा हिशेब लिहिलेला होता. नातू पोट धरधरून हसला. मात्र पुढचा फलक हसण्याजोगा नव्हता. ग्लेंडांबो ते कूबर पीडी हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि त्या अंतरात पेट्रोल कोठेही नाही.

दुपारी बाराच्या सुमारास मोटार त्या अडीचशे किलोमीटरांच्या ऐन मध्यावर असताना झाकणाखालून वाफ येऊ लागली. जावयांनी मोटार रस्त्याच्या कडेला घेतली. रेडिएटरची रबरी नळी फाटून सारे पाणी वाहून गेले होते. इंजिन बंद झाले, त्याबरोबर आतला गारवाही संपला. दार उघडताच बाहेरची हवा भट्टीच्या तोंडासारखी अंगावर आली. पारा ४४ अंशांवर होता.

आजोबांचा विचार तात्काळ ठरला. पंचा डोक्याला गुंडाळून ते म्हणाले, "मघाशी तीनेक कोसांवर पत्र्याची टाकी दिसली होती. मी जाऊन पाणी घेऊन येतो. तुम्ही गाडीचं बघा."

आपल्या मुलखात याहून शहाणपणाचा विचार दुसरा नाही. गाडी मोडली, तर माणूस चालू लागतो. कोठेतरी विहीर लागते, एखादे कडुलिंबाचे झाड भेटते, वस्तीवरचे कुत्रे भुंकते आणि कोणीतरी तांब्याभर पाणी पुढे करतो. आपल्या उन्हाला माणसांची सोबत असते. तेथील उन्हाला ती नाही. टाकीत पाणी असेलच, याचा भरवसा नाही. आणि ज्याला तीन कोस वाटते, ते अंतर त्या सपाट मुलखात पाच कोसही निघते. रस्त्याच्या कडेने चालणारा एकटा मनुष्य झुडपाआड बसला तर दिसत नाही. मोटार मात्र लांबून दिसते, आकाशातूनही दिसते. म्हणून तेथे लहान मुलालाही पहिला नियम शिकविला जातो : गाडी बंद पडली, तर गाडीपाशीच थांबावे.

हे सारे जावयांना ठाऊक होते. पण सासऱ्यांना 'जाऊ नका' असे म्हणणे त्यांच्या जिभेवर येईना. ते काम लेकीने केले. ती वडिलांच्या समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही."

आवाज चढलेला नव्हता. पण त्यात माघार नव्हती. आजोबांचा चेहरा उतरला. लेकीने आयुष्यात प्रथमच त्यांना अडविले होते. ते मोटारीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि कितीतरी वेळ बोलले नाहीत.

दोघांनी मोटारीच्या सावलीच्या बाजूस चादर बांधली. इंजिनाचे झाकण उघडून ठेवले. कारण उघडे झाकण हीच तेथे मदतीची हाक असते. वीस मिनिटांनी समोरून एक मोटार आली. कोणी खूण करण्याआधीच ती थांबली. आतील वृद्ध जोडप्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : पाणी आहे ना? त्यांच्याकडे नळीचा उपाय नव्हता. पण मागे येत असलेल्या मालमोटारीला बिनतारी संचावरून निरोप देऊन आणि ग्लेंडांबोस कळविण्याचे वचन देऊन ती मंडळी पुढे गेली. आता वाट पाहणे एवढेच काम उरले.

लेक दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकाच्या पेल्यात पाणी ओतीत होती. नातू पीत होता, जावई पीत होते. आजोबाही पेला हातात घेत. पण जराशाने तो नातवापुढे सरकवीत. "मला तहान नाही. तू घे." सकाळपासून त्यांनी जेमतेम दोन पेले पाणी घेतले होते. त्यांच्या मनात एक हिशेब चालू होता. गाडीला आठ-दहा लिटर पाणी लागेल. मदत उद्यापर्यंत आली नाही, तर पोराला लागेल. म्हाताऱ्या माणसाचे काय, थोडक्यात भागते. दुष्काळात त्यांच्या आईने असाच हिशेब केला होता, आणि त्या हिशेबावर घर तगले होते.

त्या कोरड्या हवेचा कावा असा, की घाम फुटताक्षणीच वाळून जातो. अंग ओले होत नाही आणि शरीरातून किती पाणी गेले, ते मनुष्याला कळत नाही. त्यातही उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. आजोबांना तहान नाही, हे त्यांचे बोलणे खरेच होते. पण त्यांचे शरीर मात्र आतून वाळत चालले होते.

नातवानेच प्रथम पाहिले. "आई, आजोबा काहीतरीच बोलतायत."

आजोबा बैलांना हाका मारल्यासारखे पुटपुटत होते. चेहरा लाल झाला होता, हात तापला होता, पायात गोळे आले होते. लेकीने आणि जावयांनी त्यांना चादरीखाली आडवे केले, सदरा सैल केला, पंचा भिजवून मानेवर, कपाळावर आणि काखेत ठेवला व टोपीने वारा घातला. लेकीने एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावयास सुरुवात केली. पाणी भिजवण्यासाठी वाया जाते आहे, असे पाहून त्या अवस्थेतही आजोबांनी हाताने 'नको' अशी खूण केली. तेव्हा मात्र लेकीचे डोळे भरून आले.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी डब्यात राहून कोणाला वाचवत नाही. ते पोटात गेलं, तरच पाणी. डबा भरलेला आणि माणूस वाळलेला, असं झालेलं या वाटेवर लोकांनी पाहिलंय."

अर्ध्या-पाऊण तासाने आजोबांनी डोळे नीट उघडले आणि नातवाचे नाव घेतले. मग स्वतःच हात पुढे करून त्यांनी पेला मागितला. तो पेला त्यांनी कोणाला दिला नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

थोड्याच वेळात क्षितिजाशी धुळीचा ठिपका दिसला आणि वाढत वाढत एक रोड ट्रेन होऊन उभा राहिला. एवढे अवजड वाहन थांबवावयाचे आणि पुन्हा वेग द्यावयाचा, म्हणजे वेळ व इंधन दोन्ही खर्ची पडतात. पण तो धिप्पाड चालक काही उपकार करीत असल्याच्या आविर्भावात नव्हता. प्रथम त्याने आजोबांची नाडी पाहिली, मग मोटारीकडे वळला. फाटलेल्या नळीवर त्याने जाड चिकटपट्टीचे वेढे आवळले, निवलेल्या रेडिएटरमध्ये आपल्याजवळचे पाणी ओतले, सावकाश चालण्यास सांगितले आणि कूबर पीडीपर्यंत स्वतः मागून येण्याचे कबूल केले. जावयांनी पैसे पुढे करताच त्याने मान हलविली. पुढे कोणी अडकलेला दिसला तर थांबा, म्हणजे फिटले, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. आजोबांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. त्यांनी दशम्यांची आणि गुळाची पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. ती मात्र त्याने घेतली.

कूबर पीडी हे गाव उन्हाशी भांडण न करता त्याला बगल देऊन राहिले आहे. सोने शोधावयास गेलेल्या एका टोळीतील चौदा वर्षांच्या मुलाला १९१५ मध्ये येथे ओपलचे खडे सापडले. तो पाण्याच्या शोधात हिंडत होता, असे सांगतात. तेव्हापासून या रत्नासाठी माणसांनी डोंगर पोखरले आणि उन्हापासून वाचण्यासाठी पोखरलेल्या त्या पोकळ्यांतच घरे केली. बाहेर आगीचा वर्षाव चालू असता आत पंचवीस अंशांच्या आसपास हवा असते. निजावयाच्या खोल्या, दुकाने, प्रार्थनामंदिरे, सारे जमिनीच्या पोटात. उघड्या खाणींच्या परिसरात सावधगिरीचे फलक आहेत : पळू नका, पाठमोरे चालू नका. छायाचित्र घेताना एक पाऊल मागे टाकणारा मनुष्य खोल खड्ड्यात जावयाचा! गावाला लागणारे पाणी भूगर्भातून उपसून व त्यातील क्षार काढून पुरविले जाते.

त्या रात्री तशाच एका भुयारातील थंड खोलीत आजोबा विश्रांती घेत होते. डॉक्टरांनी तपासून चिंतेचे कारण नाही, असे सांगितले होते. जावयांनी ओपलचा एक लहानसा खडा नातवाला दाखवावयास आणला. दिव्यासमोर धरताच त्यातून निळे, हिरवे, तांबडे रंग फिरू लागले. या रत्नाच्या घडणीत थोडेसे पाणी असते, असे जावयांनी सांगितले. आजोबांनी तो खडा बराच वेळ तळहातावर फिरविला आणि ते म्हणाले, "म्हणजे दगडानंसुद्धा पाणी आत ठेवलंय म्हणून त्याला तेज आहे. मी मात्र डब्यात ठेवत बसलो."

नळी बदलून मंडळी तिसऱ्या दिवशी पुढे निघाली. वाटेत जावई स्ट्युअर्टची कथा सांगत होते. या महामार्गाला ज्याचे नाव दिले आहे, तो जॉन मॅकडॉल स्ट्युअर्ट १८६२ च्या जुलैत दक्षिणेकडून निघून उत्तरेच्या समुद्राला जाऊन भिडला. त्याने सहा मोहिमा केल्या. त्यांत त्याने आपला एकही मनुष्य गमावला नाही, असे म्हणतात. स्वतः मात्र तो परतताना इतका खंगला होता, की त्याला डोलीत घालून आणावे लागले. त्याची वाट एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्याकडे जाई. तेथील आदिवासींना हे ज्ञान हजारो वर्षांपासून होते. खडकातील कोणत्या खळग्यात पाणी टिकते, ते कशाने झाकावे आणि वाळूत कोठे उकरावे, हे त्यांच्या आज्या नातवंडांना दाखवीत आल्या होत्या. स्ट्युअर्टच्या मागोमाग १८७२ मध्ये तारायंत्राच्या तारा पाण्याच्या त्याच आधाराने उत्तरेस गेल्या. ॲलिस स्प्रिंग्ज या नावातही पाणीच आहे. तारखात्याचे प्रमुख चार्ल्स टॉड यांच्या पत्नीचे नाव ॲलिस. नदीच्या पात्रातील एका डोहाला झरा समजून तिचे नाव त्याला देण्यात आले आणि पुढे ते गावाला चिकटले.

आजोबा शांतपणे ऐकत होते. त्यांच्या मांडीवर पाण्याची बाटली होती आणि अधूनमधून, कोणी न सांगता, ते तिच्यातून घोट घेत होते. ती रिकामी झाली, की नातवाला म्हणत, "बाळ, भर रे. आणि तुझीही दाखव बघू."

चौथ्या दिवशी, ॲलिस स्प्रिंग्ज शंभरेक किलोमीटरांवर राहिले असता, रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी दिसली. तिच्याजवळ दोन तरुण पाठमोरे उभे होते.

"थांबव," आजोबा लेकीला म्हणाले.

मोटार थांबली. आजोबांनी काच खाली केली आणि नातवाला म्हटले, "विचार त्यांना, पाणी आहे का?"

तरुण हसले. ते तांबड्या टेकडीचे छायाचित्र घेण्यासाठी थांबले होते. त्यांच्याजवळ पाणी भरपूर होते. त्यांनी आभार मानले आणि हात उंचावून निरोप दिला.

मोटार पुन्हा वाटेला लागली. थोड्या वेळाने समोरून एक वाहन आले. त्याच्या चालकाने सुकाणूवरील एक बोट किंचित उचलले. आजोबांनीही आपला हात वर केला. आणि ते वाहन दिसेनासे होईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला.